वच्छलाबाईंचं कपाट एटापल्लीला जातं

एटापल्लीहून जावयाचं पत्र आलं आणि गुणवंतराव मुत्यालवारांच्या घरातली शांतता गेली ती गेलीच. पत्र तसं साधंच होतं. जावई तिकडच्या शाळेत मास्तर, त्यामुळं शुद्धलेखनाला बोट ठेवायला जागा नव्हती. प्रेमिलाला सातवा लागला आहे, तब्येत ठीक आहे, फक्त पोटात काही ठरत नाही. मुगाची पातळ खिचडी आणि चिंचेचं सार राहील म्हणते, पण तेही आईच्या हातचं असेल तर. तरी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आहे, केव्हा न्यायला येता ते कळवावं. बस, एवढंच.

गुणवंतराव चांद्याच्या जंगल ऑफिसात हेडक्लार्क. सव्वीस वर्षांची नोकरी, सर्व्हिस बुकावर शाईचा एक डाग नाही आणि पुढच्या वर्षी रिटायर. जगातलं कोणतंही काम वर 'विषय' आणि खाली 'संदर्भ' लिहून सुरू केलं की आपोआप पार पडतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"आलापल्लीवरून छकडा करतो अन् घेऊन येतो," ते म्हणाले. "दोन दिवसांचा तर रस्ता."

"आन् दोन दिवस पोरगी खाईन काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

याला संदर्भ नव्हता. आणि नेमके त्याच वेळी भैयाजी बोलले.

भैयाजी म्हणजे वच्छलाबाईंचे धाकटे भाऊ. लढाईतली एक जुनी मिलिटरीची रुग्णगाडी त्यांनी कामठीच्या लिलावात घेऊन ठेवली होती. तिच्यात सवाऱ्या न्यायचा त्यांचा बेत होता, पण परमिट काही येत नव्हतं, म्हणून गाडी दारातल्या निंबाखाली उभी होती आणि शेजारच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. "ताई," भैयाजी हसत हसत म्हणाले, "तू सैपाकघरच घेऊन चाल ना संगं! गाडी हाय, मी हावो."

त्यांनी गंमत केली होती. वच्छलाबाईंनी गंमत केली नव्हती. त्या उठल्या, पदर खोचला आणि सैपाकघराकडं अशा नजरेनं पाहिलं की गुणवंतरावांनी पत्र पुन्हा पाकिटात घातलं.

गुणवंतरावांच्या मनात होतं एक स्टोव्ह, दोन डबे आणि एक फळी. पण वच्छलाबाईंना त्यांचं स्वतःचं कपाट हवं होतं. चांगलं सागवानी, जाळीच्या दारांचं, त्यांच्या बापानं लग्नात दिलेलं. "डोये मिटून हात घातला तर जिरं सापडते मले त्याच्यात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डब्यायत माह्या हातून मीठ दोनदा पडन, आन् थे पोरीच्या पोटात जाईन." पोरीच्या पोटाचा विषय आला की गुणवंतरावांचा विरोध संपत असे. कपाट ठरलं. कपाटाबरोबर भांड्यांची मांडणीही ठरली, कारण ती एकटी घरी राहून काय करणार?

मुखरू सुताराला बोलावणं गेलं. मुखरू कारागीर नंबर एक, पण माप घ्यायचा वितीनं, आणि जेवणाआधीची त्याची वीत आणि जेवणानंतरची वीत यांत फरक पडायचा. त्यानं कपाट मोजलं, गाडी मोजली, डोकं खाजवलं आणि सांगितलं की कपाट गाडीपेक्षा दीड वीत उंच आहे. एकतर गाडीचं छप्पर काढा, नाहीतर कपाटाचे पाय कापा. छपराला भैयाजींचा विरोध, पायांना वच्छलाबाईंचा. चार दिवस घरात दोन पक्ष होते आणि गुणवंतराव मधल्या खोलीत जेवत होते. शेवटी पाय कापायचे ठरले. करवत लागली तेव्हा वच्छलाबाई परसात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या आणि मुखरू आतून ओरडला, "बाई, रडू नका, त्याले दुखून नाई राह्यलं!"

एवढ्यात गल्लीला बातमी लागली होती. संध्याकाळी निंबाखाली खुर्च्या पडू लागल्या. पोस्टमास्तरांच्या इंदुताई म्हणाल्या, "पाटा-वरवंट्याले जागा केली का? बिना वाटल्या मसाल्याचं सार म्हणजे गरम पानीच की." पाट्याला जागा केली. समोरच्या रुखमाबाई म्हणाल्या, "माठ कुठी ठेवसान? वैनगंगा लागेपरेंत पानी नाई बरं." माठाला कठडा केला. रिटायर ओव्हरसियर वामनराव रोज काठी टेकत यायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि "वजन एका बाजूला पडतंय" एवढं म्हणून जायचे. त्यांच्यामुळं मुखरूनं मांडणी तीनदा डावीकडून उजवीकडं आणि दोनदा उजवीकडून डावीकडं नेली. गुणवंतराव प्रत्येकाला "आपली सूचना नोंदवली आहे" असं सांगत. पण नोंदवलेली सूचना फाइलमध्ये जाऊन पडते, इथं ती दुसऱ्या दिवशी खिळे ठोकून बसलेली असे.

मग मोटारीचा इन्स्पेक्टर आला. तो पंधरवड्यातून एकदाच चांद्याला यायचा. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, जाळीचं दार उघडलं, हिंगाचा वास घेतला आणि विचारलं, "ही सवारीगाडी की मालगाडी?"

"कौटुंबिक," गुणवंतराव ताठ होऊन म्हणाले.

फॉर्मात तसा रकाना नव्हता. स्टोव्ह आहे म्हणजे हे हॉटेल झालं, असं इन्स्पेक्टरचं मत पडलं, आणि हॉटेलाला म्युनिसिपालिटीचा दाखला लागतो. म्युनिसिपालिटीत गुणवंतरावांना विचारलं गेलं, की हॉटेल कोणत्या वॉर्डात? फिरतं आहे म्हटल्यावर बाबूनं चष्मा काढून ठेवला. सव्वीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभा राहिला, आणि आपल्याकडं येणाऱ्या लोकांचे चेहरे तसे का असतात ते त्यांना कळलं. पंधरा दिवसांनी जुन्या कागदांच्या आधारानं गाडी 'फिरता दवाखाना, रोगी नसलेला' म्हणून पास झाली.

तोवर सातवा महिना सरत आला होता. आता एकच दिवस हातात होता. आठवा लागला की पोटुशीला घरातून हलवायची नाही, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. पहाटेच निघायचं आणि रात्रीच्या आत पोरीला सासरचा उंबरा ओलांडायला लावायचा, असं ठरलं. सगळी गल्ली जमली, नारळ फुटला, वामनरावांनीसुद्धा वजन बरोबर असल्याचं जाहीर केलं. गुणवंतराव पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून रुखमाबाईंचा आवाज आला.

"समदं झाक झालं जी. पन पोरगी कुठी झोपन?"

सगळ्यांनी आत पाहिलं. डावीकडं कपाट, उजवीकडं मांडणी, मधे पाटा, पलीकडं माठ. उरलेल्या जागेत वच्छलाबाई तिरक्या होऊन, तेही श्वास धरून, उभ्या राहू शकत होत्या. मग सगळ्यांनी गुणवंतरावांकडं पाहिलं.

"तो मुद्दा विचाराधीन आहे," गुणवंतराव म्हणाले आणि घरात जाऊन कोट काढून बसले.

दुसऱ्या दिवशी आठवा लागला. त्या महिन्याभरात गुणवंतरावांची झोप उडाली. तिकडं पोरगी काय खात असेल? नववा लागून किती दिवस हातात राहतील? मृगाआधी परत आलं नाही तर नदी उतरू देईल का? ऑफिसात ते बेरीज करायला बसत आणि कागदावर महिने मोजत.

मुखरूनं मात्र या वेळी कमाल केली. त्यानं कपाट चक्क पाठीवर निजवलं. जाळीची दारं काढून फळ्यांची झाकणं बसवली, वर गादी टाकली की झाला पलंग. डाळ-तांदूळ खाली, पोरगी वर. डाळ काढायची तर पोरीला उठवावं लागणार होतं, पण त्याला इलाज नव्हता. आपल्या कामाला गल्लीनं नावं ठेवली म्हणून मुखरू दुखावला होता. त्यानं गाडीच्या तळातून आरपार बोल्ट घातले आणि त्यांची तोंडं ठोकून चपटी करून टाकली. "आता हे लाकूड आन् हे गाडी एकच जीव," तो म्हणाला. "काढाचं म्हनान तर गाडी मोडा लागन."

नववा लागला त्याच दिवशी तिघं निघाले. भैयाजी गाडी हाकायला, गुणवंतराव शेजारी, वच्छलाबाई मागं आपल्या राज्यात. मूल गाव मागं पडलं तोवर माठ फुटला. चामोर्शीच्या अलीकडं एका खड्ड्यात मसाल्याचा डबा उघडला आणि हळदीचा लोट पुढं आला तो थेट गुणवंतरावांच्या पांढऱ्या कोटावर. झटकली तशी ती जास्तच पसरली. गाडी वैनगंगेचं आटलेलं पात्र ओलांडून पुढं गेली तेव्हा हेडक्लार्क मुत्यालवार हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसत होते, आणि भैयाजी मुद्दाम खिडकीबाहेर पाहून गाडी चालवत होते.

नदीपल्याडच्या जंगल नाक्यावर तेवढी त्यांच्या जिवाला फुंकर मिळाली. तिथल्या म्हाताऱ्या गार्डानं त्यांना दुरूनच ओळखलं. गाडी थांबायच्या आत त्यानं आडवा बांबू वर केला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. खरं तर जंगलात सागवान नेताना नाक्यावर उतरायचं, नोंद करायची, चिठ्ठी घ्यायची असा नियम. नाहीतर परतताना ते बाहेरून नेलेलं की आतून तोडलेलं, कसं कळणार? हे गुणवंतरावांनी स्वतः शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं, थोडं रागावूनच. पण मेव्हण्यासमोर आणि बायकोसमोर असा सलाम त्यांना जन्मात कधी मिळाला नव्हता. शिवाय त्यांच्या लेखी मागं सागवान नव्हतंच, मागं सैपाकघर होतं. त्यांनी नुसता हात किंचित वर केला आणि गाडी पुढं गेली.

एटापल्लीला लेक दारातच उभी होती. बापाचा पिवळा अवतार पाहून ती इतकी हसली की सासूबाई घाबरून बाहेर आल्या. वच्छलाबाईंनी गाडीतच खिचडी टाकली. प्रेमिलानं दोन ताटल्या खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या. गुणवंतराव गाडीमागं जाऊन डोळे पुसून आले. धूळ गेली होती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परतीला लागले. भैयाजी बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होते. आलापल्लीला मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाका दिसू लागला, तेव्हा मागून प्रेमिलाचा आवाज आला, "आई, कमरेतून कळ येऊन गेली वं."

"गाडीच्या हिसक्यानं असन," वच्छलाबाई म्हणाल्या, पण त्यांनी बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली. गुणवंतरावांनी ते आरशात पाहिलं.

नाक्यावर बांबू आडवा होता. म्हातारा गार्ड रजेवर गेला होता आणि त्याच्या जागी इस्तारी नावाचा नवा गार्ड उभा होता. पट्टा घट्ट, बटणं लखलखीत. त्यानं मागचं दार उघडलं, प्रेमिलाला हात जोडले, मग खाली वाकून फळीवर बोटानं टकटक केलं.

"सागवान हाय," तो म्हणाला.

"कपाट आहे," गुणवंतराव म्हणाले.

"कपाट सागवानाचं हाय. पास?"

"अरे बाबा, मी जंगल ऑफिसचा हेडक्लार्क. मुत्यालवार."

इस्तारीचा चेहरा फुलला. "तुमीच का जी मुत्यालवारसाहेब? तुमचं सर्क्युलर तोंडपाठ हाय मले!" आणि तो सावधान उभा राहून म्हणू लागला, "सागवानी फळी, दार, चौकट अथवा घरसामान, वाहनास जोडलेले असो वा सुटे, पासाशिवाय नाक्याबाहेर जाऊ देऊ नये. मग वाहन कोणाचेही असो."

शेवटचं वाक्य गुणवंतरावांनी स्वतः पेन्सिलीनं वाढवलं होतं. साहेबांनी त्यावर 'उत्तम' असं लिहिलं होतं. आता ते वाक्य त्यांच्यासमोर खाकी कपडे घालून उभं होतं.

"जातानाची नोंद असन ना?" इस्तारीनं आशेनं विचारलं. त्यानं रजिस्टर आणलं, पानं उलटली, पुन्हा उलटली. नोंद नव्हती. कोणी बांबू उचलला हे सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची पेन्शन गोत्यात आली असती. गुणवंतरावांनी रजिस्टर मिटून परत दिलं.

"काऊन थांबलो?" वच्छलाबाई उतरल्या.

"मानसं जाऊ द्याले मनाई नाई, बाई," इस्तारी अजिजीनं म्हणाला. "फकत लाकूड इथी ठेवा."

"अरे, पोरगी लाकडावरच तर निजली हाय!"

भैयाजींनी पाना काढला, गाडीखाली शिरले, घामाघूम झाले आणि मुखरूला शिव्या देत बाहेर आले. एक बोल्ट हलला नव्हता. "भाऊजी, सांगा तर बांबू तोडतो," ते दात खाऊन म्हणाले. आतून प्रेमिला कण्हली. "बाबा, चला ना लवकर," ती म्हणाली, आणि तो आवाज ती सात वर्षांची असतानाचा होता.

"रेंजरसाहेब केव्हा येतील?"

"परवा, जी." इस्तारी रडायच्या बेतात होता. "मी का करू, तुमीच सांगा. तुमी म्हनान तर सोडतो. मंग माहं जे होईन थे होईन."

गुणवंतरावांच्या ओठांवर शब्द आला होता. 'सोड, मी पाहून घेतो' एवढंच म्हणायचं होतं. पण असं कोणाच्या तरी शब्दावर सोडणाऱ्या गार्डांचं पुढं काय होतं, ते चांद्यात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या बडतर्फीचे कागद तेच लिहीत आले होते.

"गुन्ह्याचं बुक आण," ते म्हणाले.

"कायले जी?"

"पासाशिवाय माल धरला की गुन्हा नोंदवायचा. आरोपीनं कबुली दिली, की चौकशी होईपर्यंत माल त्याच्याच ताब्यात देता येतो. गाडी जाऊ शकते. हाच एक रस्ता आहे."

"पन आरोपी कोन लिहू?"

गुणवंतरावांनी टाक त्याच्या हातातून घेतला, कारण इस्तारीला ते लिहायला दुपार झाली असती. गाडीच्या बॉनेटवर बुक ठेवून ते लिहू लागले. आरोपीचे नाव. वय. धंदा. धंद्याच्या रकान्यात 'जंगल खात्यात नोकरी' लिहिताना शाईचा एक ठिपका पडला. सव्वीस वर्षांत त्यांनी एवढे आरोपी पाहिले, प्रत्येकाबद्दल त्यांना वाटायचं की हा माणूस पास काढून का नाही निघाला? त्यांना फार लाज वाटली. बायको मागं उभी राहून वाचत होती, त्याची तर जास्तच वाटली. पुढचा रकाना होता, 'माल कशासाठी नेत होता'. तिथं लोक विक्रीसाठी, घरासाठी असं काहीबाही सांगत. गुणवंतरावांनी एकदा गाडीकडं पाहिलं आणि सरळ लिहिलं, 'लेकीला माहेरी आणण्यासाठी.'

वच्छलाबाईंनी पंच म्हणून सही केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण अक्षरं नीट आली. जप्तीचा शिक्का मारल्याशिवाय माल हलवता येत नाही, म्हणून इस्तारी शिक्क्याचा हातोडा घेऊन आत गेला आणि उशीपासून हातभर दूर, जमेल तेवढ्या हळू, एकच ठोका मारला.

"आई, हे काय वं?" प्रेमिलानं विचारलं.

"काही नाई," गुणवंतराव बाहेरून म्हणाले. "निज तू. भैयाजी, हाका."

दिवस मावळायच्या आत गाडी चांद्याला दारात उभी राहिली. इंदुताईंनी खबरदारी म्हणून सुईण आधीच आणून बसवली होती. कळा थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, आईच्या घरी, आईच्या खोलीत, प्रेमिलाला मुलगी झाली. बोल्ट काही निघाले नाहीत, म्हणून बाळंतिणीची खिचडी, सार, शिरा, सगळं निंबाखाली गाडीतच शिजलं. गल्लीतल्या बायका टिकली-कुंकू लावून बाळ पाहायला यायच्या आणि जाताना गाडीत चहा घेऊन जायच्या.

सोमवारी नाक्यावरून गुन्ह्याचा कागद ऑफिसात आला. साहेबांपुढं जाणारी कोणतीही फाइल हेडक्लार्कच्या टिपणीशिवाय जात नसे, आणि हेडक्लार्क एकच होता. डोमा चपराश्यानं खाली मान घालून ती गुणवंतरावांच्या टेबलावर ठेवली. सगळ्या ऑफिसाचे टाक थांबले.

गुणवंतरावांनी कागद नेहमीसारखा शेवटपर्यंत वाचला. आरोपीचं अक्षर चांगलं होतं.

"भाऊ," शेजारचा क्लार्क हळूच म्हणाला, "आरोपीले पश्चात्ताप झाला असं लिहा ना. साहेब तेवढ्यावर सोडून देतीन. समदेच लिहतात."

खरंच होतं ते. आजवर शंभर जणांसाठी त्यांनी स्वतःच तसं लिहिलं होतं. त्यांनी टाक दौतीत बुडवला, टोक काठावर निथळून घेतलं, आणि या वेळी शाईचा एकही ठिपका न पाडता टिपणी लिहिली:

'आरोपीने गुन्हा कबूल केला आहे. पश्चात्ताप झालेला दिसत नाही.'